एका गांठीचें खरें नांव

रोगाचें नांव ही केवळ वैद्याच्या वहींतील नोंद नव्हे. नांवाबरोबर रोगाच्या मुळाविषयींची एक समजूत चालत येते, आणि त्या समजुतीवरून उपाय ठरतो. समजूतच चुकली, तर कुशल हातांनीं आणि शुद्ध हेतूनें केलेला उपायही वायां जातो. पोटांतील एका दुर्मिळ गांठीचा इतिहास या गोष्टीची साक्ष देतो.

कर्करोग बहुधा त्वचा, ग्रंथि किंवा आंतड्याचें अस्तर यांत उत्पन्न होतो. परंतु या सर्वांना आधार देणारीं, बांधून ठेवणारीं अशीं दुसरीं ऊतकेंही शरीरांत असतात. स्नायु, चरबी, तंतु हीं त्यांतलींच. त्यांत होणाऱ्या दुष्ट गांठींस सार्कोमा म्हणतात, व त्या मानानें फार थोड्या आढळतात. यांपैकीं जठर आणि लहान आंतडें यांच्या भिंतींत वाढणारी एक गांठ वर्षाकाठीं दर दहा लाख लोकांत सुमारें दहा ते पंधरा जणांस होते. ती पुष्कळ दिवस मुकाट्यानें वाढते. मग एखादे दिवशीं शौचावाटे रक्त जातें, अंग पांढरें पडतें, किंवा पोटांत गोळा हाताला लागतो, आणि तेव्हां तिचा पत्ता लागतो.

विसाव्या शतकांत पुष्कळ वर्षें तज्ज्ञ या गांठीला स्नायूची गांठ समजत. ही समजूत अकारण नव्हती. जठराच्या भिंतींत स्नायूंचे थर असतात, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं या गांठीच्या पेशी स्नायुपेशींप्रमाणेंच चातीसारख्या, मध्यें फुगीर व टोंकांस निमुळत्या दिसतात. म्हणून नांवही स्नायूवरूनच पडलें, आणि औषधें सार्कोमाचींच दिलीं गेलीं. त्यांचा गुण क्वचितच येई. शस्त्रक्रियेनें गांठ समूळ निघाली तर रोगी वांचे. ती यकृतांत पसरली म्हणजे वैद्याचे हात टेंकत.

सन १९८३ मध्यें अमेरिकेंतील मायकेल मझुर आणि ब्रेंट क्लार्क या दोघांनीं या समजुतीस हरकत घेतली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि नव्या रंजनपद्धति यांच्या साह्यानें त्यांनीं जठरांतील गांठी पुन्हा तपासल्या. पुष्कळ गांठींत स्नायूचीं लक्षणें सांपडेनात. कांहींत मज्जातंतूंशीं संबंध असलेल्या पेशींच्या खुणा मात्र दिसल्या. तेव्हां त्यांनीं त्यांना केवळ ‘आधार-ऊतकांची गांठ’ अशा अर्थाचें मोघम नांव दिलें. जें कळलेलें नाहीं तें कळलें असें भासविणारें जुनें नांव त्यांनीं बाजूस ठेवलें, आणि पुढील शोधास वाट मोकळी झाली.

त्या शोधाचा धागा मात्र शंभर वर्षें आधींच हातीं आला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधील सान्तियागो रामोन इ काहाल या महापंडितानें आंतड्याच्या भिंतींत, स्नायु आणि मज्जातंतु यांच्यामध्यें, शाखा फुटलेल्या कांहीं विलक्षण पेशी पाहिल्या. मज्जासंस्थेच्या अभ्यासाबद्दल १९०६ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या या शास्त्रज्ञानें त्यांना एक प्रकारच्या प्राथमिक मज्जापेशी मानलें. आंतड्याच्या आकुंचनाचा ताल धरण्याचें काम या पेशी करतात, हें पुढें कळलें. सन १९९२ मध्यें जपानी संशोधकांनीं असें दाखविलें कीं, उंदराच्या पिलांत ‘किट’ नांवाच्या प्रथिनाचें कार्य थांबविलें असतां आंतड्याचा हा ताल बिघडतो.

सन १९९८ च्या जानेवारींत ओसाका येथील सेइइची हिरोता, युकिहिको किटामुरा आणि त्यांचे सहकारी यांनीं दोन्ही धागे जुळविले. पोटांतील या गांठींत तेंच किट प्रथिन त्यांना आढळलें. एवढेंच नव्हे, तर कित्येक गांठींत त्याच्या जनुकांत दोष होता. किट हें पेशीच्या पृष्ठभागावरील कळीसारखें असतें. बाहेरून संदेश आला म्हणजे ती दाबली जाते आणि पेशी वाढते. दोषामुळें ही कळ कायमचीच दाबलेली राहते. गांठ स्नायूची नव्हेच. तिचें नातें काहालच्या पेशींशीं आहे, हें आतां उघड झालें.

ऐकणाऱ्यास प्रश्न पडेल कीं, या वंशावळीचा रोग्यास उपयोग काय? त्याचें उत्तर दोनच वर्षांत मिळालें. रक्ताच्या एका कर्करोगासाठीं स्वित्झर्लंडमध्यें इमाटिनिब हें औषध तयार झालें होतें, व तें किटची कळही सोडवितें असें प्रयोगशाळेंत दिसलें होतें. सन २००० च्या मार्चमध्यें हेलसिंकी येथें, यकृतांत रोग पसरलेल्या व सर्व उपाय थकलेल्या एका स्त्रीला त्याच्या गोळ्या देण्यांत आल्या. कांहीं आठवड्यांतच गांठी लहान झाल्या. पुढें १४७ रोग्यांवर झालेल्या चांचणींत निम्म्याहून अधिकांच्या गांठी आटल्या, आणि २००२ मध्यें अमेरिकेंत या रोगासाठीं औषधास मान्यता मिळाली. मात्र तें रोगाचें निर्मूलन क्वचितच करतें. कालांतरानें कळींत नवे दोष उपजतात व औषधाचा प्रभाव ओसरतो. म्हणून पुढच्या औषधांचा शोध घ्यावा लागला.

भारतांत निराळाच प्रश्न उभा राहिला. मूळ कंपनीच्या औषधाचा खर्च महिन्याला सुमारें एक लाख वीस हजार रुपये, तर देशी कंपन्यांच्या औषधाचा आठ ते दहा हजार. औषधाच्या विशिष्ट स्फटिकरूपासाठीं मूळ कंपनीनें पेटंट मागितलें, तेव्हां त्यास विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्थाही होती. सन २००६ मध्यें चेन्नईच्या पेटंट कार्यालयानें अर्ज नाकारला, आणि १ एप्रिल २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें कंपनीचें अपील फेटाळलें.

माद्रिदपासून ओसाकापर्यंत शंभर वर्षें चाललेला हा शोध ज्ञानाच्या दृष्टीनें १९९८ सालींच सिद्धीस गेला होता. परंतु रोग्याच्या दृष्टीनें तो गोळी त्याच्या हातीं पडेल त्या दिवशींच पुरा होतो. खऱ्या नांवाची किंमत अखेर तेथेंच ठरते.