खण, पाखे आणि घराची वाढ

घर एकदा बांधले की पुरे झाले, अशी कल्पना मनात धरून जुन्या वास्तूंचा अभ्यास केल्यास पुष्कळदा फसगत होते. आपल्याकडील घर पिढ्यान्‌पिढ्या वाढत आलेले असते. 1999 साली भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात, भाताच्या मुलखातील कुडव्यासारख्या गावी या वाढीचा इतिहास लिहावयाचा झाल्यास कागदपत्रांइतकेच घरालाही साक्षीस बोलाविले पाहिजे.

या वाढीचे मूळ परिमाण खण होय. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. म्हणूनच दोनखणी, पाचखणी अशी घराची मोजदाद होत असे. जेथे छपराचा भार खांब व तुळया वाहतात, तेथे भिंत हा केवळ आडोसा असतो. ती काढून शेजारी खण जोडता येतो, अथवा गोठ्याची खोली करता येते. परंतु जेथे मातीची भिंतच भार पेलते, तेथे नवे दार पाडणे म्हणजे छपरालाच हात घालणे होय.

दुसरी मर्यादा पावसाची. कवेलूच्या छपरास उतार हवाच. 2 फुटांस 1 फूट उतार धरला आणि वळचण 7 फुटांवर असली, तर 4 फुटांची पडवी जोडताच वळचण 5 फुटांवर येते. मग पडवीची जमीन जोत्याहून खाली घ्यावी लागते, नाही तर आढे उचलून सारे छप्पर नव्याने घालावे लागते. पडवीत एक पायरी उतरून का जावे लागते, याचे एक उत्तर या हिशेबात आहे.

वाढीचा लेखी पुरावा मोठ्या वाड्यांबाबत अधिक मिळतो. पुण्याच्या शनिवारवाड्याची पायाभरणी 10 जानेवारी 1730 रोजी व वास्तुशांत 22 जानेवारी 1732 रोजी झाली. तथापि 1740 साली थोरले बाजीराव निवर्तल्यावर नानासाहेबांच्या कारकिर्दीत आणि पुढेही तेथे बांधकामे होत राहिली. 1828 च्या आगीत लाकूडकाम जळाले; जोती उरली. दालनांची मांडणी अभ्यासकास आज त्या जोत्यांवरूनच वाचावी लागते.

हीच पद्धत साध्या घरासही लावता येईल. जोत्यातील सांधा, पाख्याचा मोडलेला उतार, दोन खोल्यांमध्ये सापडलेले पण एके काळी बाहेरचे असलेले भक्कम दार, यांवरून वाढीचा क्रम लागतो. त्या वाढीचे कारण लग्न, धान्याची साठवण की भावांची वाटणी, हे मात्र घरच्या वडीलधाऱ्यांसच विचारावे लागेल.

सिमेंटच्या गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी राखलेल्या सळया याच जुन्या वृत्तीची खूण आहेत. परंतु स्लॅबसाठी मातीचे घर पाडले की जोत्यासह हा पुरावाही जातो. म्हणून नवी खोली काढण्यापूर्वी जुन्या घराची मापे व नकाशा टिपून ठेवणे अगत्याचे आहे.