राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा कागद : मिसुरी ते उल्हासनगर

१/ औरंगपुऱ्यात राहणाऱ्यांना ‘पुरा’ या शब्दाचे अप्रूप उरत नाही. पण शेजारचे करणपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा ही नावे मोगलांसोबत दख्खनमध्ये आलेल्या राजपूत सरदारांची आहेत. परमुलखात वस्ती करणाऱ्याला दोन गोष्टी लागतात : जागा, आणि ती आपली आहे असे सांगणारा कागद. आजचा धागा त्या कागदाविषयी.

२/ १८२० च्या अमेरिकी कायद्यानुसार सरकारी जमीन एकरी किमान सव्वा डॉलर दराने, रोखीने मिळू लागली. कमीत कमी ८० एकर, म्हणजे १०० डॉलर. पुढच्या दशकांत ओहायो, इलिनॉय, मिसुरीत जर्मन कुटुंबांनी अशा जमिनी घेतल्या. १८३७ मध्ये मिसुरी नदीकाठी हरमन हे जर्मन गाव उभे राहिले.

३/ या जमिनीच्या सनदेला ‘लँड पेटंट’ म्हणत. तिच्यावर खुद्द राष्ट्राध्यक्षांची सही असे. खरेदी इतकी वाढली की अँड्र्यू जॅक्सन यांच्यापुढे सह्यांसाठी कागदांचा ढीग साचला. अखेर मार्च १८३३ मध्ये कायदा झाला आणि राष्ट्राध्यक्षांच्या वतीने सचिव सही करू लागला. नाव मात्र राष्ट्राध्यक्षांचेच राहिले.

४/ आता आपल्याकडे या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या नगराची पायाभरणी झाली : उल्हासनगर. तिथला पत्ता आजही ‘कॅम्प नंबर ४’ असा सांगितला जातो.

५/ १९५४ च्या विस्थापितांच्या नुकसानभरपाई व पुनर्वसन कायद्याने घरे आणि भूखंड निर्वासितांच्या नावे करण्याचा मार्ग खुला झाला. ही हस्तांतरणपत्रे भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने होत. कारण संविधानाच्या अनुच्छेद २९९ नुसार केंद्राचे करार व मालमत्तेची हस्तांतरणे राष्ट्रपतींच्या नावाने होतात; सही अधिकारी करतो. १८३३ चीच व्यवस्था!

६/ पण कागद फक्त घेणाऱ्याचे नाव सांगतो. जर्मनांनी १८५४ मध्ये मिनेसोटात न्यू उल्म वसवले, ते डकोटा लोकांनी १८५१ च्या तहांत सोडलेल्या मुलखात. तहाचे पैसे वेळेवर मिळेनात, उपासमार झाली आणि ऑगस्ट १८६२ मध्ये युद्ध पेटले. न्यू उल्मवर दोनदा हल्ला झाला. त्याच वर्षी मे महिन्यात लिंकन यांनी वसाहतकऱ्यांना १६० एकर जमीन देणाऱ्या होमस्टेड कायद्यावर सही केली होती. डिसेंबरमध्ये त्यांच्याच आदेशाने ३८ डकोटा पुरुषांना एकाच दिवशी फाशी देण्यात आली.

७/ आपला इतिहास इतका रक्तरंजित नाही, पण प्रश्न तोच आहे. उल्हासनगरजवळच्या नेवाळीत दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी घेतलेल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून शेतकरी २०१७ मध्येही रस्त्यावर उतरले. आणि खुद्द उल्हासनगरात अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ मध्ये वेगळी तरतूद करावी लागली. राष्ट्रपतींच्या नावाने वसलेल्या नगरातही कागदाची चिंता मिटली नाही.

८/ म्हणून जुनी सनद हाती आली, की मी आता दोन प्रश्न विचारतो : ही कोणाला मिळाली, आणि त्याआधी इथे कोण होते? दुसऱ्याचे उत्तर त्या सनदेत सापडत नाही. ते शेजारच्या दप्तरात शोधावे लागते. तुमच्या घरी असा एखादा कागद असेल, तर त्याची गोष्ट जरूर लिहा.