संदेशाचे मोर्तब



विज्ञानातील शोधांची कथा आपण बहुधा विजयाच्या दिवसापासून सांगू लागतो. मला मात्र त्याआधीच्या उपेक्षित वर्षांचे अधिक आकर्षण वाटते. म्हणून आरंभ १९६० पासून करतो. त्या वर्षी मेरी एडमंड्स व रिचर्ड एब्रॅम्स यांनी वासराच्या थायमस ग्रंथीतील पेशीकेंद्रकांतून एक विकर, म्हणजे एन्झाइम, मिळविले. एटीपी पुरविताच ते ॲडेनिनयुक्त घटक एकामागून एक जोडून लांब माळ गुंफी. एकाच अक्षराची ही माळ पेशीला कशासाठी हवी? या निरीक्षणाचे मर्म अकरा वर्षे झाकलेलेच राहिले. १९७१ साली तीन प्रयोगशाळांनी दाखविले, की जनुकाचा निरोप प्रथिने घडविणाऱ्या यंत्रणेकडे नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएच्या टोकाला दीडशे-दोनशे ॲडेनिनांची शेपटी असते. डार्नेल आणि ब्रॉवरमन यांच्या बरोबरीने त्या तिघांत एडमंड्सबाईही होत्या, हा मला इतिहासाचा न्याय वाटतो.

शेपटी जोडावयाची कोठे, याची खूण प्राउडफुट आणि ब्राउनली यांना १९७६ साली सापडली: ए-ए-यू-ए-ए-ए ही सहा अक्षरे. त्यांच्या थोडे पुढे संदेश तोडला जातो आणि तेथे शेपटी लागते. जुनी मराठी पत्रे चाळणाऱ्यांना येथे मोर्तबाची आठवण व्हावी. मजकुराच्या अखेरीस ते उमटले, की पुढे एक शब्दही घालण्यास वाव नसे.

परंतु एकाच पत्रात मोर्तबाच्या दोन जागा राखलेल्या असतील तर? १९८० साली बाल्टिमोर, हूड आदींच्या प्रयोगशाळांतून असेच एक जनुक पुढे आले. बी-लसीकापेशी लांब संदेश वापरून प्रतिपिंड आपल्या पटलावर रोवून ठेवते. तीच पेशी परिपक्व झाली, की अलीकडच्या जागी मोर्तब करून प्रतिपिंड रक्तात सोडते.

याहून विलक्षण गोष्ट १९८२ ची. सुसान अमारा, मायकेल रोझेनफेल्ड, रोनाल्ड एव्हान्स आणि त्यांचे सहकारी उंदराचे कॅल्सिटोनिन-जनुक तपासीत होते. थायरॉइडमधील सी-पेशींत संदेश चौथ्या खंडाअखेर संपतो आणि ३२ ॲमिनो आम्लांचे कॅल्सिटोनिन तयार होते. मज्जापेशींत चौथा खंड गाळला जातो, शेपटी सहाव्या खंडामागे लागते, आणि हाती येते ३७ ॲमिनो आम्लांचे निराळेच पेप्टाइड, सीजीआरपी. त्याच्या शोधात कोणी निघाले नव्हते. संदेशाच्या वाचनातून ते आधी कळले, मज्जासंस्थेत प्रत्यक्ष दिसले ते नंतर. येथे खंड जोडण्याची आणि शेपटी लावण्याची क्रिया परस्परांत गुंतलेल्या आहेत. सारे श्रेय शेपटीला देणे मला सयुक्तिक वाटत नाही. हे पेप्टाइड रक्तवाहिन्या रुंदावते, अर्धशिशीशीही त्याचा निकट संबंध आहे. त्याच्या ग्राहीला अडविणाऱ्या औषधास अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. बत्तीस-सदतीस आम्लांच्या हिशेबातून अर्धशिशीच्या रुग्णापर्यंत पोहोचावयास छत्तीस वर्षे लागली!

पुढे संपूर्ण जनुकसंचाची पाहणी होऊ लागली. मेंदूतील संदेशांची टोके सामान्यतः लांब, वृषणातील आखूड, असे दिसून आले. बहुधा प्रथिन तेच राहते. बदलतो तो टोकाचा मजकूर, आणि संदेश किती टिकावा, पेशीत कोठे जावा, हे त्यावर अवलंबून असते. २००८ साली सँडबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखविले, की टी-पेशी वेगाने विभागू लागल्या म्हणजे त्याही आखूड टोके पसंत करतात.

मोर्तब पुसट झाले तर काय होते, हे १९८३ सालीच कळले होते. अल्फा-थॅलसेमियाच्या काही रुग्णांत ग्लोबिन-जनुकाचा सारा मजकूर शाबूत होता. त्या सहा अक्षरांपैकी केवळ शेवटच्या ए-च्या जागी जी आले होते. तेवढ्याने अल्फा-ग्लोबिनची निर्मिती खालावली होती. त्या निबंधाच्या लेखकांत, सात वर्षांपूर्वी ती अक्षरे प्रथम वाचणारे प्राउडफुटही होते.