दोन डोळे आणि आटपाडीचें माळरान

१९५८ सालीं बर्लिनच्या चित्रपट-महोत्सवांत सहा खुनी कैद्यांची कथा सांगणारा एक हिंदी बोलपट दाखविण्यांत आला आणि त्यास रौप्य अस्वलाचें पारितोषिक मिळालें. पुढल्या वर्षीं अमेरिकेंतील गोल्डन ग्लोब समारंभांत सॅम्युएल गोल्डविन पुरस्कारही त्याच्या वांट्यास आला. तेथील प्रेक्षकांना तो परक्या भाषेंतला चित्रपट होता. परंतु ‘दो आंखें बारह हाथ’ची मूळ घटना घडली ती जुन्या औंध संस्थानांत, आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या भूमीवर. ती घटना शेजारीं ठेवून हा चित्रपट पुन्हां पाहिला, म्हणजे त्याचें सामर्थ्य कळतें आणि त्याची मर्यादाही कळते.

औंध संस्थानचा विस्तार सुमारें पांचशें चौरस मैलांचा, पण मुलूख विखुरलेला. राजधानी औंध साताऱ्याच्या बाजूस, तर आटपाडी महाल दूर पूर्वेस, दुष्काळी माणदेशांत. १९३९ सालीं राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं महात्मा गांधींच्या सल्ल्यानें प्रजेला राज्यघटना दिली आणि कारभार लोकांच्या हवालीं केला. या कामीं त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे दोघे पुढें होते. फ्रीडमन मूळचे पोलंडचे इंजिनियर. बंगलोरास कारखान्याच्या कामासाठीं आले आणि गांधीविचाराचे झाले.

गांवकारभार गांवकऱ्यांवर सोंपवावयाचा, तर तुरुंगांतल्या माणसावर मात्र कुलुपाशिवाय विश्वास नाहीं, हें या मंडळींना विसंगत वाटलें. त्यांतून त्याच वर्षीं आटपाडीजवळच्या माळावर ‘स्वतंत्रपूर’ वसलें. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तेथें आणण्यांत आले. भोंवतीं तट नाहीं. कसण्यास जमीन, राहण्यास घर आणि सोबतीस बायकामुलें. पळून जाण्यास वाट मोकळी होती. न जाण्याचें कारण मात्र कैद्यासमोर रोज उभें होतें.

चित्रपटाची कथा लिहिली ती ग. दि. माडगूळकरांनीं. त्यांचा जन्म १९१९ सालचा, आटपाडीच्या परिसरांतील शेटफळ्याचा. हा प्रयोग म्हणजे त्यांच्या घरच्या मातींतली गोष्ट. व्ही. शांताराम यांनीं १९५७ सालीं ती पडद्यावर आणली आणि आदिनाथ जेलरची भूमिका स्वतः केली. ओसाड जमिनीवर सहा कैदी राबतात, भाजी पिकवितात आणि बाजारांत ती वाजवी दरानें विकतात. नफेबाज व्यापारी चिडतात आणि शेवटीं बैलाशीं झुंजतांना जेलर प्राणास मुकतो. हें दृश्य घेतांना शांतारामांच्या डोळ्यालाच खरी इजा झाली होती. पण कैद्यांना जखडून ठेवतात ते जेलरचे दोन डोळे. तो जवळ नसला तरी ते त्यांचा पाठलाग करतात. वसंत देसाई यांच्या संगीतांतील प्रार्थना पुढें कित्येक शाळांतून म्हटली गेली आणि चित्रपटास राष्ट्रपतींचें सुवर्णपदक लाभलें.

येथेंच चित्रपट आणि स्वतंत्रपूर यांच्या वाटा भिन्न होतात. चित्रपटांत सारा भार एका माणसाच्या पुण्याईवर आहे. असा पुरुष वारंवार जन्मत नाहीं. तो गेल्यावर काय, या प्रश्नाला पडदा आकाशांतल्या डोळ्यांनीं उत्तर देतो. तें हृदयस्पर्शी आहे, पण कोणत्याही सरकारला अंमलांत आणतां येण्याजोगें नाहीं. आटपाडीच्या माळावर ज्यांवर भरंवसा ठेवला होता त्या गोष्टी साध्या होत्या: बायकोची संगत, मुलांचें वाढणें, पेरलेलें पीक. शिवाय विश्वास एकट्या अधिकाऱ्यानें टाकून भागणार नव्हतें. खून केलेल्या माणसाला शेजारी म्हणून पत्करण्याचें धैर्य आसपासच्या गांवकऱ्यांनाही दाखवावें लागणार होतें. चित्रपटांतले गांवकरी बहुतेक गिऱ्हाइकें आहेत. त्यांच्या या धैर्याकडे कॅमेरा फारसा वळत नाहीं.

तरीही चित्रपटाला दोष देणें उचित नव्हे. पिकाचें आणि संसाराचें संथ काम दोन-अडीच तासांत दाखवितां येत नाहीं. डोळे दाखवितां येतात. गुन्हेगार हा माणूस आहे, एवढें एकच सत्य त्यानें बर्लिनपर्यंत पोंचविलें.

१९४८ सालीं औंध संस्थान विलीन झालें. १९४९ सालीं सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग पडले. आटपाडी दक्षिण साताऱ्यांत गेली आणि १९६० सालीं त्या जिल्ह्यास सांगली हें नांव मिळालें. भवानराव १९५१ सालीं निवर्तले. राजा गेला, राज्य गेलें, जिल्ह्याचें नांवही बदललें. स्वतंत्रपूरची वसाहत मात्र राज्याच्या कारागृह खात्याखालीं आजही नांदत आहे. चित्रपटांतल्या जेलरला अमर करण्यास आकाशांत डोळे उमटवावे लागले. माणदेशच्या माळावर तें काम नांगराच्या तासांनीं आणि सांजवेळीं पेटणाऱ्या चुलींनीं केलें.