मनिलामार्गे रिसोड

भाच्याला आलेल्या मुलाखतीच्या निरोपात पोशाखाबद्दल दोनच शब्द होते: 'बिझनेस कॅज्युअल'. कंपनी पुण्याची, उमेदवार रिसोडचा, आणि खर्च किती करायचा हे त्याच्या आईनं आधीच बजावलेलं. अशा वेळी आमच्याकडे दुकानाआधी लोखंडी पेटी उघडली जाते. लग्नाकार्यात आहेर म्हणून आलेली शर्टपीस-पँटपीस तिच्यात घडी न मोडता वर्षानुवर्षं पडून असतात. फिक्या निळ्या रंगाचं एक बरं शर्टपीस निघालं. पँटपीस मात्र सगळी चकाकणारी, पुन्हा आहेरातच द्यावीत अशी. म्हणून पँट तेवढी बाजारातून तयार घेतली. सुती, बिस्किटी रंगाची. तिच्या चिठ्ठीवर छापलं होतं 'चिनो'. मग शर्टपीस घेऊन एका वयस्कर टेलरमास्तरांकडे गेलो. माप घेता घेता त्यांनी विचारलं, "इन करनार हाये का मनिला शिवू?"

मनिला! जुन्या मराठी कथांमधले कारकून आणि मास्तर जो घालायचे तो. अर्ध्या बाह्यांचा, मोकळ्या गळ्याचा, पँटीबाहेर सोडायचा शर्ट. शब्द ऐकून मी थबकलो, कारण हातातल्या पिशवीत चिनो होती, आणि चिनोची कथा सांगणारे तिला फिलिपिन्समध्ये, म्हणजे मनिलातच नेऊन उभी करतात. पँट मनिल्याची आणि शर्टही मनिल्याचा? तेव्हापासून माझी समजूत दिवसेंदिवस पक्की होत गेली आहे की अमेरिकेनं जगाला दिला असं मानला जाणारा हा पोशाख, वरचा आणि खालचा दोन्ही, मनिलामार्गे गेलेला आहे. आणि गाडी सुटली ती हिंदुस्थानातून.

आधी खालचा भाग. चिनो पाहून भाच्याचे वडील म्हणाले, "हा कंडक्टरचा पँट कायले आनला रे?" ते चुकत नव्हते. चिनो ही खाकीचीच लेक. आमच्याकडे खाकी म्हणजे एसटीचा ड्रायव्हर-कंडक्टर, पोस्टमन, हवालदार आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतली चड्डी. पांढरा सदरा आणि खाकी चड्डी घालून आमच्या कित्येक पिढ्या बाराखडी शिकल्या. ती चड्डी घोट्यापर्यंत लांबवा, सदऱ्याला थोडी निळी छटा द्या, कमरेला पट्टा लावा: झालं बिझनेस कॅज्युअल.

खाकीचा जन्म सगळ्यांना ठाऊक आहे. 1846 साली पेशावरला हॅरी लम्सडेननं गाइड्स ही पलटण उभी केली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तिला मातकट रंगाचे कपडे दिले. खाक म्हणजे धूळ, राख, 'जळून खाक'मधली. पांढरं कापड चिखलात घोळून रंगवल्याच्या हकिकती रंगवून सांगितल्या जातात. प्रतिस्पर्धी दावा मंगळुरूचा: तिथल्या बासेल मिशनच्या विणकामशाळेत 1851 नंतर आलेल्या हॅलर नावाच्या विणकर मिशनऱ्यानं हा रंग काढला, असं तिकडचे लोक अभिमानानं सांगतात. मला यात भांडण दिसत नाही. लम्सडेनकडे रंगाची कल्पना होती, पण चिखल धुतला की जातो. हॅलरकडे भट्टी होती. धुतल्यावरही टिकणारी खाकी गिरणीत सर्रास निघू लागली ती लँकेशायरच्या गॅटीनं 1884 साली पेटंट घेतल्यावर.

ती रिसोडला कधी पोहोचली असेल? 1857च्या धामधुमीत गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे कपडे जागोजाग मातकट रंगवून घेतले होते. 1859 साली आमच्याच शेजारच्या चिचांब्याला रोहिल्यांची एक टोळी अडली आणि हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेशी तिची लढाई झाली. कंटिंजंटची एक छावणी हिंगोलीला, म्हणजे आमच्या दारातच. त्या दिवशी चिचांब्याच्या शिवारात एखादा तरी मातकट कोट असणारच, असं मी धरून चालतो. त्यानंतर खाकी या भागातून गेली नाही. तिच्यासाठी रोज पहाटे पोलिसभरतीची तयारी करत धावणारी पोरं रिसोडच्या कुठल्याही रस्त्यावर दिसतील.

आता चिनो. हा शब्द कुठून आला यावर दोन मतं आहेत आणि मला दोन्ही पटत नाहीत.

1 मे 1898 रोजी अमेरिकी आरमारानं मनिलाच्या उपसागरात स्पेनची जहाजं बुडवली आणि मग अमेरिकी पायदळ तिथे उतरलं. लोकरी गणवेशात घामानं भिजून निघालेल्या या शिपायांना सुती खाकी हवी होती. ब्रिटिशांनी ती त्याआधीच आपल्या परदेशी फौजांना लागू केली होती. पहिलं मत असं की हे कापड चीनमधून यायचं, म्हणून स्पॅनिशमध्ये 'चिनो', म्हणजे चिनी. दुसरं मत रंगाचं: अमेरिका खंडातल्या स्पॅनिशमध्ये 'चिनो'चा एक अर्थ भाजलेला, खरपूस. कोशकारांचा ओढा या दुसऱ्या मताकडे दिसतो.

रंगाच्या मतावर माझा आक्षेप साधा आहे. रंगासाठी 'खाकी' हा शब्द शिपायांच्या तोंडी बसलेला होता. त्याच रंगाला त्याच माणसांनी परक्या भाषेतला दुसरा शब्द कशाला घ्यावा? शिवाय भाजलेल्या भाकरीचा रंग आणि या पँटीचा रंग शेजारी ठेवून पाहा. माझ्या बहिणीनं अशी भाकरी वाढली तर कच्ची म्हणून परत जाईल. चीनच्या मताला थोडा आधार आहे, कारण मनिलात चिनी व्यापाऱ्यांची मोठी जुनी वस्ती होती. पण खाकी ही चीनची ओळख कधीच नव्हती.

माझा तिसरा रस्ता मेक्सिकोतून जातो. 1565 ते 1815 अशी अडीचशे वर्षं स्पेनची गलबतं मनिलाहून अकापुल्कोला जात. रेशीम, मसाले, आपल्याकडचं सुती कापड आणि गुलाम माणसं घेऊन. मेक्सिकोत या गलबतांवरून उतरणाऱ्या प्रत्येक आशियाई माणसाला 'चिनो' म्हणत. मग तो फिलिपिनो असो, जपानी असो की हिंदुस्थानी. सतराव्या शतकात मुघलांच्या मुलखातली एक मुलगी पोर्तुगिजांच्या हाती लागून कोचीमार्गे मनिलाला आणि तिथून मेक्सिकोत विकली गेली. कातारिना दे सान हुआन या नावानं ती प्वेब्ला शहरात राहिली, साध्वी म्हणून पुजली गेली आणि 1688 साली वारली. लोक तिला 'चिना' म्हणत. चीन तिनं कधी पाहिलाही नसेल. म्हणजे मनिला-मेक्सिको वाटेवरच्या स्पॅनिशमध्ये 'चिनो'चा अर्थ चिनी नव्हता. 'मनिलाच्या गलबतातून आलेला, तिकडचा' असा होता. हिंदुस्थानात रंगलेली आणि मनिलात अमेरिकी शिपायाच्या अंगावर चढलेली पँट त्या अर्थानं अस्सल 'चिनो'.

एक अडचण आहे, ती झाकत नाही. इंग्रजी छापील मजकुरात हा शब्द दिसतो तो 1940च्या दशकात. 1898नंतर चार दशकं उलटल्यावर. पण फिलिपिन्स 1946पर्यंत अमेरिकेच्याच ताब्यात होतं. बराकीतले शब्द छापखान्यात उशिरा पोहोचतात. आमच्या शिंप्यांचे किती शब्द कोशात आहेत?

पुढचे टप्पे प्रसिद्ध आहेत, भराभर सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी शिपाई कॉलेजांत शिरले ते लष्करी चिनो घालूनच. 1986 साली लिव्हाइस कंपनीनं 'डॉकर्स' या नावानं त्या बाजारात आणल्या, आणि 1992 साली ऑफिसात साधं पण नीटनेटकं कसं यावं याची एक पुस्तिका अमेरिकेतल्या 25 हजार मनुष्यबळ अधिकाऱ्यांना धाडली. पँटी खपवण्याची ही युक्ती नोकरीचा नियम होऊन बसली. 1981 साली पुण्यात जन्मलेल्या इन्फोसिसनं 2015 साली आठवडाभर बिझनेस कॅज्युअलची मुभा दिली, तेव्हा वर्तमानपत्रांत ती बातमी झाली होती.

शर्टाची वाट जास्त वाकडी आहे.

मराठीतला मनिला कुठून आला? एक तर्क बुशकोटाचा: दुसऱ्या महायुद्धात आफ्रिका-ब्रह्मदेशात लढलेल्या फौजांनी बाहेर सोडायचा सुती कोट आणला, त्यातून बुशशर्ट झाला आणि मनिला हे त्याचंच दुकानी नाव. दुसरा तर्क रामोन मॅगसेसे यांचा. 1953 साली फिलिपिन्सच्या अध्यक्षपदाची शपथ घेताना त्यांनी सूट न घालता 'बारोंग' हा फिलिपिनो सदरा घातला, आणि 1958 साली त्यांच्या नावाचा पुरस्कार पवनारच्या विनोबांना मिळाला. विनोबा स्वतः उघड्या अंगानं वावरायचे, ही यातली गंमत. पण पुरस्कारावरून शर्टाला नाव पडल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही, आणि बुशकोटाच्या तर्काला 'मग मनिलाच का' याचं उत्तर देता येत नाही.

उत्तर कापणीत आहे. टेलरमास्तरांनी मला दोन शर्ट उलटे करून दाखवले. इन करायच्या शर्टाचा खालचा घेर गोल असतो, पुढे-मागे जिभेसारखा लांब, म्हणजे वाकलं तरी बाहेर येत नाही. मनिल्याचा घेर सरळ आणि दोन्ही बाजूंना चिरा. बारोंगचा घेरही असाच: सरळ, बाजूला चिरलेला, बाहेर सोडायचा. बुशकोटाला चार खिसे आणि कमरेला पट्टा. तो या कुळातला वाटत नाही. मुंबईच्या गोदीत मनिला हे नाव दोरखंडासाठी आधीच रुळलेलं होतं. बोटीवरच्या एखाद्या खलाशानं तो सदरा आणला आणि गोदीजवळच्या शिंप्यानं उतरवून घेतला, एवढंच घडायला हवं.

बारोंग बाहेर का सोडतात याची एक दंतकथा फार चालते: कमरेला हत्यार लपवू नये आणि पायरीही ओळखू यावी म्हणून स्पॅनिशांनी फिलिपिनोंना शर्ट खोचायला बंदी केली होती. असा कायदा अभ्यासकांना सापडलेला नाही, आणि माझ्या मते त्याची गरजही नाही. मे महिन्यात वाशीमच्या स्टँडवर इन करून उभं राहून पाहा.

आता मनिल्यावरून अमेरिकेत. 1906पासून फिलिपिनो मजूर हवाईतल्या उसाच्या मळ्यांवर गेले. तिथला रंगीबेरंगी 'अलोहा' शर्ट 1930च्या दशकात घडला. कापड जपानी किमोनोचं, पण बाहेर सोडण्याची रीत फिलिपिनो मजुरांची, असं मानणारे अभ्यासक आहेत. मी अर्थातच त्यांच्या बाजूचा. 1962 साली तिथल्या कापडवाल्यांनी विधिमंडळाच्या प्रत्येक सदस्याला दोन-दोन अलोहा शर्ट फुकट वाटले. 1966च्या सुमारास 'अलोहा शुक्रवार' सुरू झाला, तो मुख्य भूमीवर जाऊन 'कॅज्युअल फ्रायडे' झाला, आणि शुक्रवारची सवलत हळूहळू सगळ्या आठवड्याला लागू झाली.

शुक्रवार आपल्या सरकारनंही निवडला. 8 डिसेंबर 2020च्या परिपत्रकात राज्याच्या कर्मचाऱ्यांना जीन्स आणि टी-शर्टची मनाई होती, आणि आठवड्यातून एक दिवस, शुक्रवारी, खादी घालण्याची सूचना. तिकडे शुक्रवारी बाहेर सोडायचं, इकडे सूत कातायचं. मार्च 2024मध्ये शिक्षकांसाठी निघालेल्या निर्णयात तर पुरुषांनी शर्ट इन करावा असं स्पष्टच म्हटलं आहे. मनिल्याला महाराष्ट्र शासनाची अद्याप मान्यता नाही.

भाच्यासाठी म्हणून गोल घेरच शिवला, पूर्ण बाह्यांचा. कमी पैशांत मुलाखतीला जायचं असेल तर या साऱ्या इतिहासातून कामाचं निघतं ते इतकंच: तयार शर्ट घेताना कॉलरआधी खालचा घेर बघा. सरळ घेराचा शर्ट इन केला तर खुर्चीत बसताच सुटतो, आणि गोल घेराचा बाहेर सोडला तर माणूस झोपेतून उठून आल्यासारखा दिसतो. पट्टा आणि बूट मित्राचे चालतात. बूट मात्र एक दिवस आधी घालून रिसोडच्या बाजारातून फिरून या. खाकीचा गडद भाऊ, म्हणजे मेंदीकडे झुकणारा रंग टाळा, तो थेट हवालदाराकडे जातो. बिस्किटी किंवा राखाडी बरा.

मुलींच्या मुलाखतीचं काय, असं भाचीनं विचारलं. ती कुर्ती घालून जाणार होती. सुती, सरळ घेराची, बाजूला चिरा असलेली. तेव्हा या कथेतला माझा सगळ्यात धाडसी तर्क सुचला. 1762 साली इंग्रजांनी मनिला जिंकलं तेव्हा त्यांच्या फौजेत मद्रासहून नेलेले शिपाईही होते. दोन वर्षांनी इंग्रज परतले, पण त्यातले बरेच शिपाई पळून तिथेच राहिले. मनिलाजवळच्या काइंता गावात त्यांचे वंशज आजही सांगितले जातात. त्याआधीपासून चोळमंडळाचं कापड मनिलाच्या बाजारात होतंच. सरळ घेर, बाजूच्या चिरा, बाहेर सोडायची रीत: बारोंगचं मूळ आपल्या कुर्त्यात आहे असं म्हणणारे आहेत, ते नाकारून सगळं श्रेय स्पॅनिश सदऱ्याला देणारेही आहेत. स्पॅनिश सदरा खोचायचा असतो, एवढा एकच मुद्दा मला पुरतो. भाचीला मी सांगितलं, तू आहेस तशीच जा.