फोल्डरांची वंशावळ

जुन्या कुलवृत्तांतात शेवटी घडी घातलेली वंशावळ असते. मूळपुरुष वर, खाली मुलगे, त्यांच्याखाली नातू. कॉम्प्युटरच्या पडद्यावर फोल्डरही असेच एकाखाली एक, आत सरकत उतरतात. शेकडो शाखांची ही वंशावळ मांडायला दहा-बारा ओळींचा प्रोग्राम पुरतो. त्या ओळींची युक्ती, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याने स्वतःलाच पुन्हा बोलावणं, मात्र फोल्डरांहून वयाने मोठी आहे.

सुरुवातीच्या फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेत अशा तुकड्याला, सबरूटीनला, स्वतःलाच बोलावता येत नसे. परतीचा पत्ता ठेवायला तिला एकच ठरलेली जागा. पुन्हा बोलावलं की नवा पत्ता जुन्यावर बसायचा आणि परतीची वाट पुसली जायची. जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प भाषेने ही अडचण दूर केली. आल्गॉल ६० या भाषेचा अहवाल पीटर नाउर कोपनहेगनमध्ये लिहीत होते. फेब्रुवारी १९६० मध्ये त्यांना ॲमस्टरडॅमहून व्हॅन वाइनगार्डन यांचा, डाइक्स्ट्रा यांच्याही वतीने, फोन आला. प्रोसिजरच्या, म्हणजे अशाच तुकड्याच्या, आत तिचंच नाव आलं तर तिलाच पुन्हा बोलावलं असं समजावं, अशा अर्थाचं एक वाक्य अहवालात वाढलं. एवढं एकच वाक्य! त्याच वर्षी डाइक्स्ट्रांनी ‘रिकर्सिव्ह प्रोग्रॅमिंग’ या सात पानी लेखात स्टॅकची रीत मांडली: प्रत्येक हाकेचा हिशेब आधीच्या हिशेबावर ठेवायचा, काम झालं की वरचा उचलायचा. माझ्या मते फोल्डरांच्या झाडाचं खरं बी तिथे पडलं.

झाड आलं पाच वर्षांनी. १९६५ साली डेली आणि नॉयमन यांनी मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी डिरेक्टरीच्या, म्हणजे फोल्डरच्या, आत डिरेक्टरीची रचना मांडली. ती युनिक्सने उचलली. पीसीवरच्या डॉसच्या पहिल्या आवृत्तीत मात्र सगळ्या फाइली एकाच यादीत असत. फ्लॉपीवर तेवढ्याने भागायचं. पण पीसीला १० मेगाबाइटची हार्ड डिस्क मिळाली आणि १९८३ च्या डॉस २.० मध्ये सबडिरेक्टरी आल्या, सोबत ‘ट्री’ नावाची कमांडही.

अशी वंशावळ छापण्याचं काम सांगायला सोपं: फोल्डरचं नाव छापा, मग आतल्या प्रत्येक फोल्डरसाठी हेच करा. कस लागतो तो रेघांमध्ये.

घर
├── पावत्या
│   ├── पाणी
│   └── वीज
└── फोटो

‘पाणी’च्या डावीकडची पहिली उभी रेघ ‘पाणी’ची नाहीच. ‘पावत्या’चं एक धाकटं भावंड अजून खाली यायचं आहे, हे ती सांगते. नवशिका हे छापणाऱ्या फंक्शनला फक्त पातळीचा आकडा देतो, आणि मग शेवटच्या शाखेखालीही रेघा लोंबकळत राहतात. आकड्याऐवजी एक छोटी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, द्यावी. फोल्डर भावंडांत शेवटचा असेल तर तिला मोकळी जागा जोडायची, नसेल तर उभी रेघ, आणि ती तशीच मुलांच्या हाती सोपवायची. प्रत्येक पिढी आपली एक खूण जोडून ती पुढे देते.

या रेघाही आयत्या मिळाल्या: आयबीएम पीसीच्या अक्षरसंचात त्या १७९, १९२, १९५ आणि १९६ या क्रमांकांवर होत्या.

‘ट्री’ आजही विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर चालते. एकदा चालवून बघा, आणि मग कोणाचाही कोड न पाहता स्वतः लिहून बघा.