कृष्णेच्या पुराचा निरोप: पट्टीपासून मोडेमपर्यंत

१/ उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते, पुढे कराडला कोयना. सांगलीत नदी किती चढणार, हे बव्हंशी या वरच्या खोऱ्यातला पाऊस आणि धरणांचा विसर्ग ठरवतो. पाण्याआधी निरोप पोहोचणे महत्त्वाचे.

२/ पूर्वी माणूस पट्टीवरची पातळी वाचून बिनतारी संचावरून वा दूरध्वनीवरून कळवीत असे. ऐन मुसळधार पावसात हाच दुवा तुटण्याचा धोका असे.

३/ जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात (२००६–२०१४) कृष्णा-भीमा खोऱ्यांत स्वयंचलित केंद्रे आली. अशा केंद्रात मापक, नोंदयंत्र, मोडेम आणि सौरपट्टी असते; आकडे मोबाइल जाळ्यातून वा उपग्रहामार्फत जातात.

४/ मात्र कार्यशाळेत चाललेला मोडेम सह्याद्रीच्या दरीत चालेलच असे नाही. अँटेनाची दिशा, संकेताची ताकद, ढगाळ आठवड्यांत बॅटरीचा टिकाव जागेवरच तपासावा लागतो. पोहोचलेला आकडा शेवटी जुन्या पट्टीशीच ताडून पाहतात.

५/ ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी ५७ फुटांवर गेले. अशा वेळी काही तास आधी आलेला आकडा म्हणजे घर सोडण्यास मिळालेले तेवढेच तास.